बल्गेरियाचा धागा आणि अहमदीचा शेवगा

एक मार्च, १९८१, कुवेत. सकाळची पाळी. हजर: मी म्हणजे नवजात बाळांच्या विभागाची इन-चार्ज सिस्टर, दोन मल्याळी सिस्टर, दोन बल्गेरियन नर्स, एक पन्नाशीची आणि एक पंचविशीची, साफसफाईची बाई, शिवाय काचेच्या पेट्यांतली बाळं, पण त्यांची हजेरी वेगळ्या तक्त्यावर. गैरहजर कोणी नाही. त्या दिवशी एखादी गैरहजर राहिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाळी सुरू करताना मी प्रत्येकीचे हात बघत असे. आमच्या विभागात कोपराच्या खाली काहीही चालत नव्हतं. घड्याळ नको, अंगठी नको, बांगडी नको. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ड्यूटीवर माझ्या हातात काचेची एक बांगडी कधी कुणाला दिसली नाही, आणि त्यावरून सासूबाईंनी नाशिकहून पाठवलेल्या प्रत्येक पत्रात एक तरी ओळ असायचीच. बाळांच्या अंगावरचंही मी काढायला लावत असे. कुवेती आया निळे मणी आणत, आपल्याकडच्या आया काळा दोरा आणत, आणि दोघी माझ्याकडे सारख्याच नजरेने बघत.

तर थोरल्या बल्गेरियन बाईच्या मनगटावर लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला धागा होता. त्याच्या टोकांना बोटाच्या पेराएवढ्या दोन बाहुल्या लोंबत होत्या, एक लाल, एक पांढरी.

"हे काढा," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली.

वॉर्डात मला 'नाही' म्हणण्याची पद्धत नव्हती. मी धाकटीकडे पाहिलं. धाकटी त्यांच्या राजधानीतली, सोफियाची, इंग्रजी बरं, आणि थोरलीच्या गावठी वागण्याची तिला लाज वाटे. तिने समजावून सांगितलं. मार्च महिना ही त्यांच्याकडे एक म्हातारी आजी आहे. लहरी बाई. हसली की ऊन पडतं, चिडली की बर्फ. तिला खूश ठेवायला एक मार्चला सगळे जण एकमेकांना हा धागा बांधतात, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. आणि धागा काढायचा तो करकोचा दिसला की. किंवा बहरलेलं झाड दिसलं की. मग तो त्याच झाडाला बांधून टाकायचा.

"आणि नाही दिसलं तर?"

"दिसतंच," थोरली म्हणाली. "वसंत येतो ना."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग, त्यापलीकडे वाळू, आणि वाळूपलीकडे पुन्हा पार्किंग.

तिने माझ्यासाठीही एक धागा आणला होता. तो मी खिशात टाकला आणि तिला दूध तयार करायच्या खोलीत पाठवून दिलं, कारण धागा असेपर्यंत तिला पेट्यांजवळ उभं करणं शक्य नव्हतं. ही सोय माझ्या गळ्याशीच आली. अगदी लहानगी बाळं, ज्यांना चोखायचंही कळत नाही, ती तिच्या हातून दूध घेत आणि आमच्या हातून ओकत. ती आत नसली की आमची दुप्पट धावपळ.

इथे थोडं मागे जायला हवं. बल्गेरियाहून नर्सेसची तुकडी आली ती आदल्या वर्षाच्या शेवटी, त्यांच्या कम्युनिस्ट सरकारशी करार करून. आल्यापासून कुरबुरी. एक म्हणजे त्यांच्या मानेचं. होय म्हणायचं असलं की त्या मान आडवी हलवतात आणि नाही म्हणायचं असलं की उभी. आमची मान तर तिसरीच, ती नुसती डुलते. दुसरं म्हणजे दही. हॉस्टेलच्या फ्रिजमधलं मल्याळी सिस्टरांचं दही थोरलीने एकदा चाखलं आणि हे दही नाही, दुधाला झालेला आजार आहे असं सांगितलं. त्यानंतर फ्रिजचे दोन भाग झाले.

शेवटी इजिप्शियन मेट्रनने मला बोलावलं. "तू सगळं नीट लिहून ठेवतेस," ती म्हणाली. "बल्गेरिया देश आणि तिथले लोक, असं एक पान तयार कर. सगळ्या वॉर्डांत लावू. लोकांना एकमेकांची ओळख नसते म्हणून भांडणं होतात."

मला ते पटलं. एका पानाचं काम. मी मथळे पाडले: भूगोल, भाषा, धर्म, आहार, चालीरीती. त्यांच्या वकिलातीकडून एक पुस्तिका मिळवली, तर तिच्यात ट्रॅक्टरचे फोटो आणि गुलाबाचे फोटो, मध्ये काही नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी या दोघींनाच समोर बसवलं आणि पेन उघडलं.

भूगोल सोपा असेल असं वाटलं होतं. उत्तरेला डॅन्यूब नदी, पूर्वेला काळा समुद्र, मधून आडवी डोंगररांग, इथवर दोघींचं जमलं. मग मी विचारलं, देश कशासाठी प्रसिद्ध आहे? धाकटी म्हणाली, कारखाने. थोरली म्हणाली, गुलाब. तिचं गाव गुलाबाच्या खोऱ्यातलं. उन्हाळ्याच्या तोंडावर अख्खं गाव पहाटे उठून फुलं तोडतं, कारण ऊन चढलं की फुलातलं तेल उडून जातं. पाटीभर फुलांचं थेंबभर अत्तर. तिचं बोलणं मध्येच तोडून धाकटी म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे लिफ्टसुद्धा बनतात, ते लिहा."

भाषा. मी सहज म्हणून गेले, लिपी रशियन ना? दोघींनी एकदम चमचे खाली ठेवले. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं. लिपी आमची, रशियनांनी आमच्याकडून घेतली, आणि मे महिन्यात आम्ही अक्षरांचा सण करतो, शाळेची मुलं फुलं घेऊन मिरवणुकीने जातात. यावर माझी अर्धी सुट्टी गेली.

"धर्म?" मी विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली.

"आहे," थोरली म्हणाली. "ऑर्थोडॉक्स. पण लिहू नका."

"मग मी काय लिहू?"

"जागा सोडा."

पाचशे वर्षं त्यांच्यावर तुर्कांचं राज्य होतं, हे मात्र थोरलीने तीनदा लिहून घ्यायला लावलं, भूगोलात, भाषेत आणि आहारातही, कारण त्यांच्या भरल्या मिरच्यांवर तुर्क हक्क सांगतात. आहाराखाली मी दही लिहिलं आणि मल्याळी सिस्टर वाचतील म्हणून खोडलं. चालीरीतींपाशी पोचण्याआधीच सुट्टी संपली.

चालीरीतींचा खरं तर मला आधीच धडा मिळाला होता. जानेवारीत एका सकाळी मी आले तर हात धुण्याच्या बेसिनपाशी थोरली हात पुढे करून उभी, साफसफाईची बाई तिच्या हातांवर पाणी ओतते आहे, आणि एक डिस्चार्ज मिळालेली कुवेती आई नवा टॉवेल धरून हसते आहे. माझा जंतुनाशक साबण निम्मा संपलेला. विचारलं तर म्हणे आज सुईणींचा दिवस. तिकडे त्या दिवशी आया सुईणीच्या घरी जातात, तिच्या हातांवर पाणी घालतात, साबण आणि टॉवेल भेट देतात. "माझ्या हातांनी आलेली मुलं आता शेती करतात," ती म्हणाली. मी म्हटलं, साबण स्टोअरमधून सही करून आणावा लागतो. ती मान आडवी हलवून निघून गेली आणि ते होय होतं की नाही, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आता धाग्याकडे. मेट्रनची फेरी जवळ आली होती. मार्चच्या मध्याला ती आणि डॉक्टरांची समिती सगळे वॉर्ड तपासणार, आणि त्याच वेळी या तुकडीतल्या कुणाला ठेवायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरणार. मेट्रनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी ती मोठी काम चांगलं करते, पण जी नियम पाळत नाही ती मी नवजात विभागात ठेवणार नाही. आणि दुसऱ्या कुठल्या विभागात जागा नाही."

म्हणजे विमान. मी धाकटीला विचारलं, परत गेली तर काय बिघडेल? तिने आवाज खाली आणला. मुदतीआधी परत पाठवलेल्या माणसाबद्दल तिकडे फाइलमध्ये शेरा पडतो. मग प्रमुख सुईणीची जागा कुठेच मिळत नाही. थोरलीच्या गावच्या प्रसूतिगृहात ती जागा तिची वाट पाहत होती. तीस वर्षं ती त्या एका जागेसाठी काम करत होती.

मी थोरलीला दूधखोलीत गाठलं. "मी बांगड्या काढल्या," मी म्हटलं. "बघा, माझे हात."

"तुमची बांगडी संध्याकाळी परत घालता येते. हा कापला की कापला."

"वर बँडेज बांधू का, असं तुम्हीच काल विचारलंत. म्हणजे लपवायला तयार आहात."

"लपवणं वेगळं. आजीला दिसतं."

"आणि नोकरी?"

ती बाटल्या उकळत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, मी सुईण आहे. मार्चमध्ये आलेल्या बाळांसाठी मी हा बांधते. एका वर्षी लवकर काढला होता. त्या वर्षाबद्दल विचारू नका."

मी विचारलं नाही. पण चिडले. कारण आता करकोचा किंवा झाड शोधणं माझ्या कामाच्या यादीत आलं होतं. तिचं शोधणं चालूच होतं: जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन, कपाळावर हात धरून आकाश बघायचं. करकोचे वाटेवर कधीमधी दिसतात, असं कुणी तरी तिला सांगितलं होतं. तिला विमानं दिसली.

बनेद अल-गारला आमच्या घराजवळ समुद्राकडच्या रस्त्याला कण्हेर फुलली होती. संध्याकाळी मी तिला मुद्दाम घेऊन आले. तिने कण्हेर नीट पाहिली. "हे झुडूप आहे."

"उंच आहे."

"झुडूप."

मग खजुराला बहर येतो म्हणून खजूर दाखवला. तो तिच्या मते झाड नसून खांब होता. धाकटीने फरवानियाच्या दुकानातून प्लास्टिकची सफरचंदाची फुलं आणली. त्यानंतर दोन दिवस थोरली धाकटीशी बोलली नाही, आणि दोन नर्सेस बोलत नसल्या की वॉर्डात काय होतं हे ज्यांनी वॉर्ड चालवला आहे त्यांना सांगायला नको.

घरी मी यजमानांना म्हटलं, "या अख्ख्या देशात फुललेलं एक झाड नाही."

ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "शेवगा चालेल का?"

अहमदीला तेल कंपनीच्या जुन्या घरात त्यांचे एक सहकारी राहत. घरामागे बाग, आणि बागेत त्यांच्या पत्नीने, रत्नागिरीकडच्या वहिनींनी, गावाहून बी आणून शेवगा लावला होता. आसपासचे सगळे मराठी लोक त्याच्या शेंगांवर डोळा ठेवून असत.

"फुललाय?"

"परवाच सांगत होता, पांढरा झालाय नुसता."

मी लगेच फोन लावला. "वहिनी, शुक्रवारी येऊ का? आमच्या इथल्या बल्गेरियन बाईंना तुमच्या शेवग्याची फुलं हवी आहेत."

"अगं, ये की. एवढ्या लांबून आलेली बाई, शेवग्याची फुलं कुठली मिळणार तिला? मी सगळं करून ठेवते. तू काही आणू नकोस."

मी यादीवर खूण केली. फेरी शनिवारी होती.

शुक्रवारी आम्ही गाडीतून निघालो. हे चालवायला, मी पुढे, मागे थोरली ठेवणीतल्या कपड्यांत, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं दह्याचं भांडं. वाटेत तिने दोनदा विचारलं, झाडाला फळ धरतं ना? तिच्याकडे धागा फळझाडालाच बांधतात. मी म्हटलं, शेंगा. ते तिला पटलेलं दिसलं नाही.

वहिनी दारातच उभ्या. आधी दह्याचं झाकण काढलं, बोट बुडवलं. "विरजण कुठलं गं हिचं? मला थोडं हवं." मग आम्हाला थेट टेबलावर बसवलं. गरम थालीपीठं, लोणी, आणि मधल्या मोठ्या पातेल्यात मूगडाळ आणि कांदा घालून परतलेली एक भाजी.

"आधी झाड बघू," मी म्हटलं.

"झाड काय बघायचंय? खा गरम गरम. सकाळपासून यांना शिडीवर चढवलं होतं. एवढा मोठा ढीग, आणि शिजला की एवढासा होतो. शेवटी म्हटलं, हात राखायचा नाही, पाहुणी परत कधी येणार?"

मी पातेल्यात पाहिलं. मग उठून मागच्या दारात गेले. शेवगा उभा होता, हिरवागार, आणि हाताला, शिडीला, आकडीला जिथवर पोचेल तिथवर एकही फूल नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "तिला फुलं बघायची होती."

"तू म्हणालीस हवी आहेत."

"बघायला हवी आहेत."

"शेवग्याची फुलं कोण बघतं?" वहिनींनी सरळ विचारलं. आणि खरंच, रत्नागिरीला किंवा नाशिकला, असा माणूस मी पाहिलेला नाही.

तोवर थोरली माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. मी तिला काय झालं ते सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. उद्या फेरी आहे, हेही मी परत सांगितलं, तिला माहीत नसल्यासारखं. वहिनींना आता कुठे सगळा प्रकार कळत होता, धागा, आजी, करकोचा, नोकरी. त्यांनी कपाळाला हात लावला, नवऱ्याला हाक मारली. "अहो, तुम्ही काहीच कसं सोडलं नाही?" ते म्हणाले, "तूच खालून ओरडत होतीस, तो राहिला, तो राहिला."

"वर," थोरली म्हणाली.

अगदी शेंड्याला, जिथे फांदी पेनाइतकी बारीक झाली होती, एक गुच्छ उरला होता. वाऱ्याने हलत होता म्हणून दिसला.

"झालं तर," मी म्हटलं. "बांधा."

ती मान उभी हलवत राहिली. म्हणजे नाही. एक गुच्छ म्हणजे बहर नाही. झाड बहरलेलं हवं.

"सकाळी होतं बहरलेलं."

"मी सकाळी पाहिलं नाही."

मला वाटलं, आता सरळ कात्री आणावी. आमचे हे गाडीच्या किल्ल्या खिशात खुळखुळवत होते, म्हणजे त्यांचाही धीर संपला होता. वहिनी मात्र आत गेल्या आणि थाळी घेऊन बाहेर आल्या. थालीपीठ, भाजी, वर त्या दह्याचा चमचाभर गोळा. "तिला सांग, वाद नंतर घालू. थंड होतंय."

थोरली झाडाखाली उभ्याउभ्याच खायला लागली. पहिला घास सावकाश. मग भाजीतलं एक फूल बोटावर घेऊन पाहिलं, पाकळ्या अजून ओळखू येत होत्या. वहिनींना विचारलं, मी मध्ये दुभाषी: हे सगळं या झाडाचं? सगळं. आज सकाळचं? आज सकाळचं. आणि वर उरलंय त्याला शेंग धरेल? वहिनी म्हणाल्या, "न धरायला काय झालं? दोन तरी धरतील. त्या मी हिच्यासाठी राखून ठेवते, शपथ."

तिने थाळी पुसून संपवली. "आमच्याकडे गुलाबाचं असंच," ती म्हणाली. "दुपारी पाहुणा आला तर त्याला नुसती पानं दिसतात. फुलं हंड्यात गेलेली असतात. म्हणून वसंत आला नव्हता असं कुणी म्हणत नाही."

मग तिने मनगट पुढे केलं. गाठ मी सोडवली, कापली नाही. हाताशी आलेली एक फांदी वाकवून तिने धागा बांधला, बाहुल्या एकमेकींकडे तोंड करून. वहिनींनी हे पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. आत जाऊन हळदकुंकू, नारळ आणि खण आणला, तिची ओटी भरली आणि तिला वाकून नमस्कार करायला लावला, कुणाला ते स्पष्ट नव्हतं, बहुधा शेवग्याला. थोरलीने नमस्कार केला. ओटी कशी सांभाळायची हे तिला सांगण्यात आणि अंधाराआधी निघण्यात माझी धांदल उडाली.

शनिवारी फेरी झाली. समितीने पेट्या पाहिल्या, तक्ते पाहिले, बेसिन पाहिलं. मेट्रन थोरलीसमोर थांबली आणि म्हणाली, "हात." तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, मग खाली, त्या सुईणींच्या दिवशी केले होते तसे. मनगटावर फक्त एक फिकट पट्टा होता. मेट्रनने कागदावर सही केली. थोरली लगेच आत गेली आणि कोपऱ्यातल्या पेटीतल्या बाळाला, जे माझ्याकडून दोन आठवडे एक चमचा घेत नव्हतं, दूध पाजायला बसली. मला 'आभार' म्हणाली नाही. संध्याकाळी माझ्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं दह्याचं भांडं होतं.

जाता जाता मेट्रन म्हणाली, "ते बल्गेरियाचं पान?"

"होतंय," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. झाडावरचा धागा पाहून अहमदीतल्या चार जणींनी चौकशी केली होती, आणि दोघींनी लाल-पांढरी लोकर आणून बांधूनही टाकली होती. "आता सगळ्या विचारतायत," वहिनी म्हणाल्या. "उपास असतो का? सवाष्णींनीच करायचं की कुणीही? त्या दिवशी दही खाल्लेलं चालतं का? तू एक कागद करून दे बाई. आणि फुलं तोडायची की नाही ते आधी लिही, कारण आता मला माझ्याच झाडाला हात लावता येत नाहीये."

मी म्हटलं, हे व्रत नाही. त्या म्हणाल्या, "बरं, नसू दे. विधी तेवढा लिही."

थोरली पूर्ण मुदत राहिली आणि तिच्या त्या जागेवर गेली. जाण्याआधी आणखी एक मार्च झाला, तेव्हा पाहुणी येईपर्यंत शेवग्याला कुणी शिडी लावली नाही. मेट्रनही पुढे बदलली. आम्ही कुवेत सोडून नाशिकला आलो तेव्हा आवराआवरीत ते पान सापडलं. भूगोल भरलेला आहे, भाषा भरलेली आहे, धर्मापुढे सांगितल्याप्रमाणे जागा सोडलेली आहे, आहारात एक शब्द खोडलेला आहे. त्याला टाचणीने माझा तो खिशातला धागा लावलेला आहे, कारण अहमदीला त्या गडबडीत तो बांधायचा राहिला. प्रत्येक नव्या वर्षाच्या यादीत मी ते पान पुरं करायचं काम पुढे ढकलत आणलं आहे. 'चालीरीती' एवढा मथळा लिहून झाला आहे, खाली लिहायचं बाकी आहे.